एंडगेममधला कालप्रवास चाहत्यांना खरंच पटला होता का?

प्रश्न असा आहे: ‘अव्हेंजर्स: एंडगेम’ मी आत्ता पहिल्यांदा पाहिला. कालप्रवासाचं गणित डोक्यावरून गेलं. तेव्हा थिएटरात पाहिलेल्या चाहत्यांना ते पटलं होतं, की मेलेल्यांना परत आणायची पळवाट वाटली होती? आणि शेवटी स्टीव्ह (कॅप्टन अमेरिका) म्हातारा होऊन त्या बाकावर कसा काय बसलेला असतो?

पळवाट वाटली असे लोक होते, आजही आहेत. मला मात्र ती पळवाट कधीच वाटली नाही. उलट त्या सिनेमात सगळ्यात प्रामाणिक काय असेल तर तो कालप्रवास, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे. का ते सविस्तर सांगते.

मी तो पहिल्याच दिवशी पाहिला. शुक्रवार, 26 एप्रिल 2019, ठाण्याचं विवियाना. सोमवारी लोकसभेचं मतदान होतं, त्यामुळे सकाळपासून प्रचाराच्या रिक्षा कर्णे लावून फिरत होत्या. चीन आणि ऑस्ट्रेलियात सिनेमा बुधवारीच लागला होता, म्हणून दोन दिवस आम्ही सगळे ग्रूप म्यूट करून ठेवले होते. आम्ही चौघं होतो. मी, माझी कॉलेजमधली मैत्रीण, तिचा धाकटा भाऊ आणि माझे भावोजी. भावोजी आदल्याच आठवड्यात मस्कतची नोकरी संपवून कायमचे घरी आले होते. एक तिकीट जास्तीचं होतं म्हणून ताईनं त्यांना आमच्याबरोबर पाठवलं.

तुम्ही घरी बसून पाहिलात, म्हणून तेव्हाचं वातावरण थोडं सांगायला हवं. ‘इन्फिनिटी वॉर’ 27 एप्रिल 2018 ला आला आणि त्याच्या शेवटी थॅनोसनं चुटकी वाजवून अर्धं विश्व संपवलं. त्यानंतर वर्षभर आम्ही एकच गोष्ट बोलत होतो: आता हे सगळं उलटवणार कसं? कालप्रवास असणार हा अंदाज बहुतेकांनी आधीच बांधला होता. धाकधूक वेगळीच होती. मागे जातील, थॅनोसला अडवतील, चुटकी वाजलीच नव्हती असं होईल आणि मागच्या सिनेमातलं आमचं सगळं रडणं फुकट जाईल, ही ती धाकधूक.

सिनेमानं पहिल्या वीसेक मिनिटांतच तो रस्ता बंद केला. थॅनोस सापडतो, पण ज्या सहा रत्नांच्या जोरावर चुटकी वाजली ती त्यानं आधीच नष्ट केलेली असतात. थॉर त्याचं मुंडकं उडवतो आणि त्यानं काहीच बदलत नाही. मग पडद्यावर ‘पाच वर्षांनंतर’ अशी पाटी येते. त्या पाटीला आमच्या थिएटरात कुणी शिट्टी मारली नाही की टाळी वाजवली नाही. पॉपकॉर्न चघळल्याचा आवाजसुद्धा थांबला.

तुम्हाला जिथे गोंधळ झाला असेल ती जागा पुढे येते. उरलेले अव्हेंजर्स भूतकाळात जाऊन तिथली रत्नं आणायचं ठरवतात. मागे जायचंच आहे तर थॅनोसला पाळण्यातच संपवा की, असं आमच्या मागच्या रांगेतला एक मुलगा मोठ्यानं बोलला आणि मिनिटाभरात पडद्यावर अव्हेंजर्सपैकी रोडीनं तेच विचारलं. अख्खं थिएटर हसलं. त्यावर बॅनर (म्हणजेच हल्क) जे उत्तर देतो तोच या सिनेमाचा नियम आहे. तुम्ही भूतकाळात गेलात की तो भूतकाळ हाच तुमचा पुढचा काळ होतो. तुम्ही सोडून आलेलं वर्तमान तुमच्या मागे पडतं आणि तिकडे काहीही केलंत तरी ते बदलत नाही. टाइम मशीनचे जुने सिनेमे पाहून आपल्या डोक्यात उलटं बसलेलं असतं: मागे जाऊन काही हलवलं की इकडचा फोटो पुसट होतो, माणसं गायब होतात. एंडगेम ते साफ नाकारतो.

परतीच्या गाडीत मैत्रिणीच्या भावानं हाच प्रश्न लावून धरला. ‘अगं, 2014 चा थॅनोस 2023 मध्ये येऊन मेला ना? मग 2018 मध्ये चुटकी वाजवली कुणी?’ आम्ही ठाण्याहून ट्रान्सहार्बरनं घरी चाललो होतो आणि समजावायला तीच गाडी कामाला आली. ठाण्याहून निघालं की तुर्भ्यापर्यंत रूळ एकच. तुर्भ्यानंतर फाटा फुटतो, एक रस्ता सानपाडा-वाशीला, दुसरा जुईनगर-नेरुळकडून पनवेलला. समज, आपण पनवेल गाडीत आहोत आणि नेरुळ मागे पडलंय. आता काहीतरी जादू करून तू तुर्भ्याला परत गेलास आणि तिथून वाशीची गाडी पकडलीस. वाशीला तू काहीही कर, नेरुळ पुसलं जाणार नाही. पनवेल गाडीत बसलेली मी जागेवरच असेन. 2014 चा थॅनोस हा वाशी गाडीतला प्रवासी. तो आपल्या गाडीत शिरला आणि इथे मेला. आपल्या गाडीतल्या थॅनोसनं चुटकी केव्हाच वाजवली होती. वाशी गाडीतल्या लोकांचं मात्र भलं झालं, त्यांच्याकडे थॅनोस उरलाच नाही.

रबाळे येईपर्यंत त्याला ते पटलं. घणसोलीला त्यानं पुढचा प्रश्न काढला: मग थॅनोसची मुलगी नेब्युला? 2023 ची नेब्युला 2014 च्या नेब्युलाला गोळी घालते आणि तरी स्वतः जिवंत राहते. तेच उत्तर, ती दुसऱ्या गाडीतली नेब्युला.

मराठी वाचकाला तर हे अजिबात परकं वाटायला नको. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत दुसरं काय आहे? विश्वासरावांना लागलेली गोळी दुसऱ्या जगात कानाजवळून निघून जाते, तिथे मराठे पानिपत जिंकतात आणि प्राध्यापक गायतोंडे त्या जगात जाऊन पोचतात. म्हणून आपलं 1761 बदलत नाही. आपल्या इतिहासात विश्वासराव पडले ते पडलेच. ही कथा वाचलेल्या माणसाला बॅनरचं बोलणं एका वाक्यात समजतं, हे मी दोन-तीन जणांच्या बाबतीत पाहिलंय. टोनी (आयर्न मॅन) घाईघाईत ‘डॉइच’ असं एक नाव घेतो, तेही उगाच नाही. डेव्हिड डॉइच हे ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ. 1991 मध्ये त्यांनी काळात मागे जाणाऱ्या वाटांवर शोधनिबंध लिहिला. मागे जाऊन स्वतःच्याच आजोबांना मारलं तर आपण जन्मलो कसे, हा जुना पेच पुंजभौतिकीत कसा सुटू शकतो ते त्यांनी त्यात मांडलं. सिनेमातलं बाकीचं शास्त्र म्हणजे शब्दांचा फुलोरा आहे आणि त्यात डोकं घालायची गरज नाही.

आता पळवाटीचा आरोप. मेलेले परत आले, म्हणजे मरणाला किंमत राहिली नाही, असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ भेटले. मी त्यांना एकच विचारायचे, टोनीची अट ऐकलीत का? हा माणूस आधी साफ नाही म्हणतो. मग एका रात्री भांडी विसळताना त्याला चुटकीत नाहीशा झालेल्या पीटर पार्करबरोबरचा स्वतःचा फोटो दिसतो, तो ओल्या हातानं फोटो पुसतो आणि कामाला बसतो. पण मदत करायची तर त्याची अट असते: गेलेले परत आणू, मला या पाच वर्षांत जे मिळालं ते मात्र जाता कामा नये. म्हणजे मॉर्गन, त्याची मुलगी. हल्क हातमोजा घालतो तेव्हाही टोनी पुन्हा बजावतो की लोकांना आजच्या दिवसात आण, मधल्या पाच वर्षांना हात लावू नकोस. चुटकी रद्द केली असती तर ती पोर जन्मालाच आली नसती. मागचं खोडायचं नाही हा नियम शास्त्राच्या सोयीसाठी आलेला नाही, तो त्या पोरीसाठी आलाय. मग पाच वर्षांचा शोक तसाच राहतो. रत्नासाठी कड्यावरून उडी घेणारी नताशा येत नाही, चुटकीआधीच मारला गेलेला व्हिजन येत नाही. गमोरा येते ती 2014 मधली, ती आपल्या प्रियकराला, क्विलला, ओळखतसुद्धा नाही. आणि टोनी शेवटी जीव देतो ते तुम्ही पाहिलंतच. याला मी पळवाट कशी म्हणू?

आणि स्कॉटचा (अँट-मॅनचा) प्रसंग. अणूहूनही सूक्ष्म अशा क्वांटम रेल्म या जगात त्याचे पाच तास गेले, बाहेर पाच वर्षं. गेलेल्यांच्या नावांच्या शिळांमध्ये तो घाबरा होऊन मुलीचं नाव शोधतो आणि त्याला स्वतःचंच नाव सापडतं. मग धावत घरी जातो, बेल वाजवतो आणि दार उघडते ती उंच झालेली कॅसी. संवाद जवळजवळ नाहीतच. चाहते 2012 च्या न्यूयॉर्कवर आणि थॉरच्या आईवर तासन्‌तास बोलतात, या दाराबद्दल फारसं कुणी बोलत नाही. माझ्या शेजारी भावोजी बसले होते. मस्कतला गेले तेव्हा त्यांची मुलगी दीड वर्षाची होती आणि मध्ये पावणेतीन वर्षं त्यांना रजा मिळाली नव्हती. आठवड्यापूर्वी ते बॅग घेऊन दारात उभे राहिले तेव्हा ती ताईच्या मागे लपली आणि तिनं विचारलं, ‘आई, हे काका कोण?’ पडद्यावर कॅसीनं दार उघडलं तसा भावोजींनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, घातला, पुन्हा काढला. मध्यंतरात सगळे कालप्रवासाला लागणारे पिम पार्टिकल्स किती उरले ते मोजत होते. भावोजी हातातल्या चहाकडे बघत एवढंच म्हणाले, ‘तिनं लगेच ओळखलं.’ क्वांटम म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं आणि त्यांचं त्यावाचून अडलंही नाही.

खटकलं काय, तेही सांगायला हवं. बॅनरला गच्चीवर एका रत्नाची राखणदार एन्शंट वन सांगते की रत्न काढून नेलंस तर आमची वाट उघडी पडेल. म्हणून काम झाल्यावर स्टीव्ह सगळी रत्नं जिथली तिथे ठेवायला जातो. रत्नं परत गेली की सगळं जुळलं, असं सिनेमा सुचवतो. पण 2012 मधला लोकी टेसरॅक्ट (त्यातही एक रत्न असतं) घेऊन पळाला, तो काही परत गेला नाही. म्हणजे फाटे उरलेच. ही भोकं चाहत्यांना पहिल्याच आठवड्यात दिसली होती. पुढे 2021 मध्ये लोकीवर अख्खी मालिका आली ती याच भोकातून. अव्हेंजर्सनी केलं ते तसंच घडायचं होतं, असं तिथे सांगून टाकलं. मला ते उत्तर आवडलं नाही. एंडगेममध्ये माणसं जिवावर उदार होऊन निर्णय घेतात. ते आधीच ठरलेलं होतं म्हटलं की नताशाच्या उडीची धार जाते.

आता बाक. इथे चाहत्यांचे सरळ दोन तट पडले आणि त्यात चूक चाहत्यांची नाही, कारण सिनेमा करणाऱ्यांचंच एकमत नव्हतं. दिग्दर्शक रूसो बंधूंचं म्हणणं, स्टीव्ह त्याच्या जुन्या प्रेयसीबरोबर, पेगीबरोबर राहिला तो दुसऱ्या फाट्यावर आणि तिथलं आयुष्य जगून परत आला. लेखक मार्कस आणि मॅकफिली यांचं म्हणणं, तो आपल्याच काळात राहिला, म्हणजे इतकी वर्षं या जगात दोन स्टीव्ह होते. मी रूसोंच्या बाजूची. बॅनरचा नियम धरला तर दुसरं उत्तर बसतच नाही. शिवाय लेखकांचं मानलं तर स्टीव्ह पन्नास-साठ वर्षं घरात बसून राहिला आणि जिवलग मित्र बकीला हायड्रा या दुष्ट संघटनेच्या हाती छळ सोसू दिला असं होईल. तो माणूस तसा नाही. पण ज्यांना शंका येते त्यांचा मुद्दाही रास्त आहे: दुसऱ्या फाट्यावरून आला तर तो यंत्राच्या चौथऱ्यावर यायला हवा होता. बॅनर पाच सेकंद मोजतो, चौथरा रिकामाच राहतो आणि स्टीव्ह तळ्याकाठच्या बाकावर सापडतो. तो तिथवर कसा आला ते सिनेमा दाखवत नाही. एक वाक्य घातलं असतं तर इतक्या वर्षांचं भांडण मिटलं असतं आणि ते घातलं नाही याचा मला आजही राग आहे.

मैत्रिणीचं म्हणणं आणखी वेगळं. टोनीनं सगळं दिलं आणि स्टीव्हनं सगळं मिळवलं, हा तिला अन्याय वाटतो. बकीला सोडून जाणं तिला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. मला ते पटतं. 1945 मध्ये बर्फात गेलेला हा माणूस मध्ये एक दिवसही स्वतःसाठी जगला नव्हता. तिच्याशी यावर मी मासुंदा तलावाला तीन फेऱ्या मारल्या आहेत आणि दोघींपैकी एकीचंही मत बदललेलं नाही.

पुन्हा पाहणार असाल तर नियम धरून ठेवा, रत्नांचा हिशोब सोडून द्या आणि श्रेयनामावली संपेपर्यंत उठू नका. आम्ही शेवटी काहीतरी प्रसंग असणार म्हणून बसून राहिलो होतो. झाडूवाले आत आले, दिवे लागले, अर्धे लोक निघून गेले. प्रसंग नव्हताच. अगदी शेवटी फक्त लोखंडावर हातोडा पडल्याचा आवाज आला, ठण्‌, ठण्‌, ठण्‌. 2008 च्या पहिल्या सिनेमात गुहेत बसून टोनी आपलं पहिलं चिलखत ठोकत होता, तोच तो आवाज.