वॉर्डातली बिनगरजेची कामं कमी कशी करायची?

तुम्ही विचारलंय की वॉर्डात निम्मी कामं फक्त ‘रूटीन आहे’ म्हणून होतात, तर नवीन स्टाफ नर्सने त्यातलं काय कमी करावं आणि सीनियरशी वाद न होता कसं. मी सांगलीत मेडिसिन वॉर्डची इनचार्ज सिस्टर आहे, माझ्या अनुभवातलं सांगते.

सगळ्यात आधी लघवीची नळी धरा, बाकीचं नंतर. कॅज्युअल्टीत घाईत ही नळी, म्हणजे फॉली, पडते, तेव्हा गरज असतेही, पण पेशंट वर आला, सुधारला, तरी ती काढायचं कुणाच्या डोक्यात येत नाही आणि इन्फेक्शनचा धोका मात्र रोज वाढत जातो. जतकडचे एक आजोबा न्यूमोनियाने आलेले, ऑक्सिजन निघाला, ताप उतरला, नळी तशीच. रात्री गोंधळून ते नळी ओढायचे म्हणून कुणीतरी हात बँडेजने कॉटला बांधलेले, आणि हात बांधले की माणूस आणखीनच चवताळतो ओ. सकाळी राउंडला मी एवढंच विचारलं, ‘सर, फॉली आता कशासाठी ठेवायची?’ सर म्हणाले, काढा. नाराज झाला आजोबांचा मुलगा, ‘सिस्टर, राहू दे की नळी, रातीला त्यास्नी कोण उठवणार?’ त्याला युरिन पॉट दाखवला, दर तीन तासांनी आम्ही विचारू म्हटलं, झोपायच्या आधी एकदा तू ने म्हटलं. नळी काढल्यावर लघवी सुटते का, पोट फुगतंय का, यावर आमचं लक्ष होतंच. दुसऱ्या दिवशी आजोबा पोराच्या खांद्याला धरून बाथरूमला चालत गेले, हात बांधायचा विषयच संपला.

इथंच खरी गोम आहे. नातेवाईकांना वाटतं काहीतरी काढलं म्हणजे दुर्लक्ष केलं, त्यात बिल ते भरतायत. त्यामुळे नुसतं बंद करू नका, त्याच्या जागी काय करणार ते आधी सांगा.

अमेरिकन अकॅडमी ऑफ नर्सिंगने 2014 मध्ये नर्सनी टाळायच्या गोष्टींची यादी काढली, त्यात विनाकारण लघवीची नळी आहे, म्हाताऱ्या माणसांना बांधणं आहे, त्यांना नुसतं कॉटवर पाडून ठेवणं आहे, आणि गरज नसताना झोपेतून उठवणंही आहे. आपल्याकडे हँडओव्हरच्या, म्हणजे पुढच्या शिफ्टला पेशंट सोपवायच्या, आत उरकायचं म्हणून पहाटे साडेचारला स्पंजिंग सुरू होतं, कशाला? ज्याची तब्येत स्थिर आहे त्याला झोपू द्या की, सात वाजता पुसलं म्हणून काय बिघडतंय.

इंट्राकॅथचं, म्हणजे सलाइन-औषधासाठी शिरेत घातलेल्या बारीक नळीचं, तसंच. तीन दिवस झाले म्हणून चांगला चालणारा काढून दुसरीकडे टोचायचं. 2012 मध्ये लॅन्सेटमध्ये ऑस्ट्रेलियातला तीन हजारांवर पेशंटचा अभ्यास आला, तिसऱ्या दिवशी बदला नाहीतर गरज पडल्यावर बदला, शीर सुजायचं प्रमाण दोन्हीकडे 7 टक्केच. पण मग प्रत्येक शिफ्टला ती जागा उघडून बघायलाच हवी, लाल दिसली किंवा दुखायला लागली की लगेच काढायचा, आणि शिरेतून औषध बंद झालं असेल तर ठेवायचाच नाही. हा नियम तुमच्या इन्फेक्शन कंट्रोल कमिटीकडून बदलून घ्या, एकट्याने सुरू करू नका.

ऑपरेशनआधी रेझरने केस काढणं डब्ल्यूएचओने 2016 लाच नको म्हटलंय, केसांची अडचण होत असेल तरच क्लिपर, म्हणजे केस कापायचं मशीन. माकडहाडावर लाल झालेल्या जागी स्पिरिट लावून चोळणंही थांबवा, आतली कातडी आणखी दुखावते, तोच वेळ कूस बदलायला द्या.

सीनियरना ‘हे चुकीचं आहे’ म्हणू नका, त्यांनी तशाच पद्धतीत वर्षं काढलीत आणि पेशंटही जपलेत. एका पेशंटबद्दल विचारा, ‘हे आज कशासाठी चालू आहे?’ उत्तर मिळालं तर फाइलमध्ये लिहा, तासातासाला लघवी मोजायची असेल तर नळी राहणारच. उत्तर नसेल तर त्याच राउंडला काढायची ऑर्डर मागा, संध्याकाळवर ढकलू नका, संध्याकाळी पुन्हा कुणी विचारत नाही.