शुक्रवारच्या प्रार्थनेत मी भाषा बोलल्याचं सोंग केलं

“ताई, पवित्र आत्म्याविरुद्ध केलेल्या पापाला क्षमा नाही, हे खरं ना?”

ती अजून खुर्चीत नीट टेकलीही नव्हती. पर्स खांद्यावर तशीच.

हा प्रश्न मला नवा नाही. पुण्यात कॅम्पातल्या एका लहानशा खोलीत मी आठवड्यातले दोन दिवस समुपदेशनाला बसते. येणाऱ्यांत बरेच मराठी ख्रिस्ती असतात, मूळचे नगर-श्रीरामपूरकडचे, आता वडगाव शेरी, विश्रांतवाडी, पिंपरीत स्थिरावलेले. दर काही महिन्यांनी कुणीतरी आडवळणानं तेच विचारतं. मला भाषा येत नाहीत (म्हणजे प्रार्थनेत आपोआप तोंडून येणारे, न समजणारे बोल; पवित्र आत्मा अंगी आल्याची ती खूण मानतात), मी हात ठेवला तर कुणी बरं होत नाही, मला दर्शन होत नाही; मग माझ्यात आत्मा आहे की नाही? हिचा प्रश्न त्याच रस्त्यावरचा, फक्त दोन मैल पुढचा. (तिच्या परवानगीनं लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वय पस्तिशीच्या आत. एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम. माहेर जुन्या वळणाच्या मंडळीतलं (चर्चला आम्ही मंडळी म्हणतो), म्हणजे साडेनऊची उपासना साडेनऊलाच, गीतांचे नंबर फळ्यावर, प्रार्थना पाळकांनी करायची आणि आपण आमेन म्हणायचं. लग्नानंतर नवऱ्याबरोबर ती एका नव्या मंडळीत जाऊ लागली. तिथं गिटार, टाळ्या, वर केलेले हात, आणि दर शुक्रवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना. तिला ते आवडलंही होतं. “आमच्या चर्चमध्ये रडायची सोय नव्हती ताई. इथं आहे.” हे वाक्य मी मुद्दाम वहीत उतरवून घेतलं, कारण माझा स्वतःचा पिंड फळ्यावरच्या गीतांचा आहे आणि मोठ्या आवाजातल्या प्रार्थनेविषयी माझ्या मनात जुनी अढी आहे. समुपदेशकानं अशी अढी आधी स्वतःच्या वहीत लिहावी, नाहीतर ती समोरच्याच्या डोक्यावर जाऊन बसते.

झालं असं होतं. एका उपवास-प्रार्थनेत, आत्म्याचा बाप्तिस्मा मिळावा, म्हणजे पवित्र आत्मा अंगी उतरावा, म्हणून पाच जणांना पुढे बोलावलं. डोक्यावर हात ठेवले गेले. एकेक करत चौघं भाषा बोलू लागले. ही राहिली. रात्रीचे अकरा वाजून गेलेले, गुडघे भरून आलेले, मुलगा शेजारच्यांकडे झोपवलेला. एक बहीण कानाशी येऊन म्हणाली, “तोंड उघड, जे येईल ते येऊ दे, अडवू नकोस.” येत काहीच नव्हतं. मग तिनं शेजारणीच्या तोंडून ऐकलेले चार-पाच आवाज उचलले आणि तेच फिरवून फिरवून म्हटले. खोलीत हालेलुयाचा गजर झाला. नवरा ढसाढसा रडला.

“इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर आमच्या लग्नातही पाहिला नव्हता,” ती म्हणाली. “मग पुढच्या शुक्रवारी कसं थांबायचं?”

आठ महिने झाले होते. दर शुक्रवारी तेच आवाज. आणि दर रात्री बायबलमधलं ५१ वं स्तोत्र तीनदा, त्यातही ‘तुझा पवित्र आत्मा माझ्यातून काढून घेऊ नकोस’ या ओळीवर जीभ अडखळली तर पहिल्यापासून. कधीकधी पहाटेचे दोन वाजत.

इथं माझे कान टवकारले. पुन्हा पुन्हा तीच प्रार्थना, चुकलं की परत आरंभ, न म्हटलं तर छातीत धडधड. याला नुसती भक्ती म्हणून सोडून देता येत नाही. झोप, भूक, कामावरचं लक्ष, जीव नकोसा वाटतो का, हे सगळं मी सरळ विचारलं. जीव नकोसा वाटत नव्हता. तरी सहा आठवड्यांत हे उतरलं नाही तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचं, हे पहिल्याच दिवशी आम्ही ठरवलं. विषय देवाचा आहे म्हणून आजार नसेलच, असं नसतं.

क्षमा न होणाऱ्या पापाबद्दल मी प्रवचन केलं नाही, ते माझं काम नव्हे. बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय तिलाच वाचायला दिला. त्या पापाला क्षमा नाही असं सांगणारं २९ वं वचन तिला पाठ होतं, तीसावं नव्हतं. यरुशलेमेहून आलेले शास्त्री येशूच्या चांगल्या कामाला डोळ्यांदेखत सैतानाचं काम ठरवत होते. ‘त्याला अशुद्ध आत्मा लागला आहे’ असं ते म्हणत होते म्हणून येशू तसं बोलला, असं तीसावं वचन सांगतं. मी एवढंच विचारलं, “तुम्ही यातलं काय केलंत?”

बराच वेळ ती त्या पानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मी चांगल्या कामाला वाईट नाही म्हटलं. मी घाबरून खोटं बोलले.”

“मग ते तेवढंच.”

‘खोटं बोलले’ आणि ‘क्षमा नाही’ यांच्यामध्ये बरीच जागा असते. त्या दिवशी ती त्या जागेत थोडी बसली, एवढंच म्हणते.

दुसऱ्या भेटीत मी घसरले.

कृपादानं, म्हणजे आत्म्यानं दिलेली दानं, ही फक्त भाषा नव्हेत हे दाखवायला मी उत्साहानं याद्या काढल्या. प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, बारावा अध्याय, आठ ते दहा या वचनांत नऊ दानं. रोमकरांस बाराव्यात सात, त्यात सेवा आहे, बोध करणं आहे, दया करणं आहे. तिच्या घरी अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई होत्या, त्यांचं सगळं हीच बघायची. मी म्हटलं, “ही सेवा हेच तुमचं कृपादान असेल. आणि पुढचा तेरावा अध्याय तर सांगतोच, प्रीती सगळ्यांत श्रेष्ठ.”

तिचा चेहरा बंद झाला. “म्हणजे त्यांना भाषा, संदेश, आरोग्यदान, आणि आम्हाला बेडपॅन,” ती म्हणाली. “महिला मंडळात दरवर्षी हेच सांगतात, भगिनींनो, चहा करणं हेसुद्धा दान आहे. तुम्ही पण तेच सांगितलंत.”

बरोबर होतं तिचं. मी गप्प बसले, माफी मागितली, आणि घरी जाऊन ते तीन अध्याय, बारा ते चौदा, एका बैठकीत वाचले. बऱ्याच वर्षांनी.

तेरावा अध्याय आपण लग्नात वाचतो, चौकटीत लावतो. आणि ज्यांना काही मिळालं नाही त्यांची समजूत घालायलाही तोच वापरतो, उत्तेजनार्थ बक्षीस दिल्यासारखा. पौलानं तो तशांना लिहिलेलाच नाही. करिंथ हे बंदराचं, पैशाचं, चढाओढीचं शहर. तिथल्या मंडळीत मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा असे गट पडले होते. प्रभुभोजनाला काही जण आधी येऊन खाऊन-पिऊन मोकळे होत आणि गरीब उपाशी राहत. अशा ठिकाणी कृपादानसुद्धा नोकरीतल्या बढतीसारखं झालं होतं, कुणाला कुठलं मिळालं त्यावरून त्याची खुर्ची ठरत होती. ‘प्रीती हेवा करत नाही, बढाई मारत नाही, फुगत नाही’ हे ज्यांच्याकडे दानं होती आणि ती मिरवत होते त्यांना सुनावलेलं आहे. आणि प्रीतीचं सांगून झाल्यावर चौदाव्याच्या पहिल्याच ओळीत तो दानांची उत्कंठा बाळगा असंही म्हणतो. एकाच्या बदल्यात दुसरं, असा सौदा त्यात नाही.

आपल्या मराठीत ‘कृपादान’ हा शब्द किती नेमका आलाय बघा. मूळ ग्रीक शब्दातही ‘कृपा’च आहे. दान मिळतं, ते कमवायचं नसतं. पण शुक्रवारच्या खोलीत त्याची परीक्षा झाली होती, आणि ही नापास होऊ नये म्हणून कॉपी करून बसली होती.

तिसऱ्या भेटीत मी तिला बाराव्यातली दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहायला सांगितली. पाय म्हणतो, ‘मी हात नाही, म्हणून मी शरीराचा नाही.’ आणि डोळा हाताला म्हणतो, ‘मला तुझी गरज नाही.’ “तुम्ही पायाचं वाक्य आठ महिने म्हणताय,” मी म्हटलं. “डोळ्याचं वाक्य तुम्हाला कोण म्हणालं?”

तसं तोंडानं कुणीच म्हणालं नव्हतं. पण आठवत गेली तशी यादी निघाली. भाषा बोलणारे पुढच्या सतरंजीवर बसत. साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव सांगायला, आधी त्यांना उठवत. आणि एकदा तिनं विचारलं होतं, आजाऱ्यांसाठी जमणाऱ्या पैशांची वही कोण ठेवतं? उत्तर आलं, “सिस्टर, आत्म्यात चाला, हिशेबात नको.”

“हे कधी झालं?” मी विचारलं.

“त्या रात्रीच्या पंधरा दिवस आधी.”

न्यूनगंड म्हणून जो आपल्याकडे येतो तो पुष्कळदा बाहेरून कुणीतरी आत सरकवलेला असतो. त्याचा पत्ता सापडला की निम्मं ओझं हलकं होतं. मग मी बाराव्यातलंच २८ वं वचन दाखवलं. भाषांच्या आधी तिथं ‘व्यवस्था पाहणं’ आहे, आणि त्यामागचा ग्रीक शब्द जहाजाचं सुकाणू धरण्याचा. या वेळी मी काही सुचवलं नाही, चटका ताजा होता. तीच हसली. “म्हणजे वही मागत होते ते? फारच कंटाळवाणं कृपादान आहे हो.”

त्या आठवड्यात ती स्तोत्र दोनदा म्हणून झोपली. पुढे एकदा. मानसोपचारतज्ज्ञांकडे एक चक्कर झाली, त्यांनी औषधाची गरज नाही म्हणून सांगितलं.

नवऱ्याला सांगायचं मात्र राहिलं होतं. मी घाई केली नाही. प्रीती सत्यात आनंद मानते हे खरं, पण दुसऱ्याच्या घरातलं सत्य किती वाजता उघडायचं हे समुपदेशकानं ठरवू नये. तिनं ते येरवड्याच्या सिग्नलला सांगितलं, स्कूटरवर मागे बसून, कारण तोंड बघावं लागत नव्हतं. सिग्नल सुटला. तो घरापर्यंत बोलला नाही. मग दोन दिवस बोलला नाही. मग तिच्याबरोबर माझ्याकडे आला.

रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल. पहिलाच प्रश्न मला. “म्हणजे तुमच्या मते भाषा हे सगळं थोतांड?”

“नाही,” मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. पौल स्वतः सांगतो की तुम्हा सर्वांपेक्षा मी अधिक भाषा बोलतो. भाषा बोलायला मना करू नका असंही तोच सांगतो. नवऱ्याचा अनुभव खरा होता याबद्दल मला शंका नव्हती; बाप वारला त्या वर्षी पहिल्यांदा त्याला ती प्रार्थना आली होती, आणि ते सांगताना त्याचा आवाज चिरकला.

मग त्यानं मुक्ती मिशनचं काढलं. “केडगावला १९०५ साली आत्मा उतरला होता. मुली भाषा बोलल्या. अमेरिकेच्या आधी आपल्या दौंड तालुक्यात!” जागृतीपुरतं त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पंडिता रमाबाईंच्या आश्रमात १९०५ मध्ये जागृती सुरू झाली आणि पुढे भाषांचे अनुभवही आले. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या, भाषांसाठी गाजलेल्या सभा १९०६ मध्ये सुरू झाल्या. मी दुसरी गोष्ट त्याच्यापुढे ठेवली. ज्या बाईच्या छपराखाली हे घडलं, तिनं आयुष्याची शेवटची कित्येक वर्षं हिब्रू आणि ग्रीक घोटून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली, का तर साध्यासुध्या बायकांना ते वाचून कळावं. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, पूर्ण बायबल छापून आलं १९२४ मध्ये. मंडळीत न समजणाऱ्या भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजणारे पाच शब्द बरे, हे पौलाचं म्हणणं तिनं कसं जगून दाखवलं, यावर तो थोडा वेळ काही बोलला नाही.

“तेराव्यातलं झांजेचं वाक्य आहे ना,” बायकोच मध्ये म्हणाली, “‘प्रीती नसली तर मी वाजणारी थाळी किंवा झणझणणारी झांज’. आपण लक्ष्मी रोडला विसर्जनाच्या मिरवणुकीत अडकलो होतो, आठवतं? मी ओरडून सांगत होते की बाळाचा हात सुटलाय, आणि तुम्हाला ऐकू येत नव्हतं. त्या रात्री तसं झालं होतं. तुम्ही सगळे माझ्यासाठीच प्रार्थना करत होता. पण माझे गुडघे दुखतायत, मला काही येत नाहीये, हे कुणाला ऐकू येत नव्हतं.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. “मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही रडत होता.”

यानंतर ती दोघं जे बोलली ते त्यांचं आहे. शेवटी त्यानं एकच व्यवहाराचा प्रश्न विचारला, “मग येत्या शुक्रवारी तू काय करणार?”

“आमेन म्हणेन,” ती म्हणाली. “पण कशाला म्हणायचं ते आधी मला कळू दे.”

मी चौदाव्या अध्यायातलं १६ वं वचन काढून दिलं, जवळपास याच शब्दांत तिथं ते आहे. तिला माहीत नव्हतं.

मंडळी त्यांनी सोडली नाही. काही जणांना हिचं गप्प बसणं खुपतं, पुढच्या सतरंजीवर अजून तीच माणसं बसतात. नवरा भाषेत प्रार्थना करतो, पण बहुतेक घरी, पहाटे, आईच्या खोलीत. तीन महिन्यांनी तिचा मेसेज आला, “ताई, सलाम. आजारी-निधीची वही शेवटी माझ्याकडे आली. पहिल्याच पानावर दोनशे चाळीस रुपयांचा घोळ आहे.”