लाल कानाच्या कासवाचे डोळे सुजलेत आणि ते खातही नाही, काय करावं?

मुलासाठी आणलेलं पिल्लू प्लास्टिकच्या टबात आहे, खायला फक्त सुकट देता आणि आठवडाभर त्याचे डोळे मिटलेलेच आहेत, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यावरून पहिला संशय येतो तो अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा. ते कमी पडलं की डोळ्यांजवळच्या ग्रंथी सुजतात, पापण्या फुगून डोळे झाकले जातात. दिसत नाही म्हणून खात नाही, खात नाही म्हणून आणखी खंगतं. घरातले ड्रॉप्स घालत बसू नका. कासवं तपासणारा पशुवैद्य शोधा. अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शनही त्यांनीच द्यायचं. मात्रा जास्त झाली तर कातडी सोलून निघते.

तोवर पाणी रोज बदला आणि २५-२६ अंशांवर ठेवा. गारठ्यात त्याचं पचन थंडावतं, म्हणून हिवाळ्यात पुण्या-नाशिककडे हीटर लागतोच. टबात वीट ठेवा, वर चढून त्याला पूर्ण कोरडं होता आलं पाहिजे. सकाळचं कोवळं ऊन थेट अंगावर पडू द्या. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही, काच अतिनील-बी किरण अडवते आणि त्यांच्याशिवाय ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कवच मऊ राहतं. अर्धा टब सावलीत हवा, नाहीतर उकडून मरेल. वर जाळी टाका, कावळे टपलेलेच असतात!

डोळे उघडले की खाणं पाण्यातच टाका. त्याला जमिनीवर घास गिळता येत नाही. कासवाच्या गोळ्या, गांडूळ, काट्यासकट छोटे मासे, किसलेलं गाजर, लाल भोपळा चालतो. पक्ष्यांना देतात तो समुद्रफेस पाण्यात सोडा, कुरतडेल. पालक रोज नको, कॅल्शियम अंगी लागू देत नाही.

‘टबाएवढंच वाढतं’ ही दुकानदारांची थाप. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं हे कासव. मादी २५ सेंटीमीटरच्या पुढे जाते, आयुष्य २०-३० वर्षांचं. माझ्याकडची मादी आता ताटाएवढी आहे. झेपत नाही म्हणून तळ्यात मात्र सोडू नका, आपल्या देशी कासवांच्या खाण्यावर आणि उन्हाच्या जागांवर ते हक्क सांगतं.

टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका आणि कासव हाताळल्यावर मुलाचे हात साबणाने धुवा. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जंतू असतात. लहान मुलं आजारी पडू लागली म्हणूनच अमेरिकेत १९७५ पासून ४ इंचांहून लहान कासवं पाळायला विकायची बंदी आहे.