शंभर युनिटामागं राख किती?

तुम्ही विचारलंय, 'वीज पाहिजे तर थोडं प्रदूषण सोसावंच लागणार, मग कोळशावरच्या थर्मल वीजकेंद्राच्या नावानं एवढी ओरड कशाला?' मी अंबाजोगाई तालुक्यातला, परळीचं थर्मल आम्हाला जवळच. आमच्या भावकीतल्या दोन घरांच्या चुली थर्मलच्या कामावर पेटल्या, त्यामुळं ते बंदच करा असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या त्या 'थोडं'ला जरा माप लावून बघू.

आपल्याकडच्या कोळशात राख फार, साधारण तिसरा हिस्सा. एका युनिटाला पाऊण किलोच्या आतबाहेर कोळसा जळतो, म्हणजे पावशेरभर राख. महिन्याला 100 युनिट वापरणाऱ्या घराच्या नावावर वीस-पंचवीस किलो, निम्मं पोतंच की. वर युनिटामागं तीनेक लिटर पाणी, म्हणजे शंभर युनिटाला तीनशे लिटर, दीड ड्रम. टँकरच्या गावात दीड ड्रम म्हणजे काय, ते कुणालाही विचारा. बिलावर यातलं काहीच नसतं.

राख तशी कामाची. सिमेंटात जाते, विटांत जाते. सगळी राख वापरात आणा असा केंद्राचा नियमच आहे. पण भट्टीपर्यंत ती टिप्परनं जाते, आणि आमच्या घरापुढून जाणाऱ्या टिप्परवर ताडपत्री दिसली तर नशीब. (टिप्पर कुणाचे, ते इथं लिहीत नाही.) आईनं गच्चीवर पापड-कुरडया घालणं कधीच सोडलंय. ताडपत्रीला अन् दोरीला असा कितीसा खर्च येतो?

महागड्या गोष्टींचं तर विचारूच नका. 2015 साली केंद्रानं चिमणीतून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडवर मर्यादा घातली, मग मुदतीवर मुदत वाढवली, आणि 2025 मध्ये बहुतेक वीजकेंद्रांना त्यासाठीचं यंत्र बसवण्यातूनच सूट दिली. वीज महाग होईल, हे त्यामागचं एक कारण. खोकल्याचं औषध कुणाच्या खिशातून, हा हिशोब त्यात नाही.

आणि पर्यावरण बाजूला ठेवलं तरी वीज मिळेलच असं कुठंय? 2013 च्या दुष्काळात परळीचं केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं.

म्हणून मराठवाड्यात सौर वाढावं असं मला वाटतं. ऊन फुकटचं, पाणी लागतं ते पॅनल धुण्यापुरतं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतकऱ्याच्या जमिनीला हेक्टरी वर्षाला 1,25,000 रुपये भाडं आहे. आमच्या माळावर तेवढं पीक कुठलं यायला! शिवाय मोटरला दिवसा वीज मिळाली तर रात्री बॅटरी घेऊन साप-विंचवातून कुणाला जावं लागणार नाही. मात्र गायरानावर पॅनल टाकताना ज्याची चार शेरडं तिथंच चरतात त्याला आधी विचारा. भाडं घ्यायला त्याच्या नावावर सातबारा नसतो.

दिवस मावळल्यावर पंखा मात्र अजून बराच काळ थर्मलवरच फिरणार. मलाही तो लागतोच. तोवर निदान त्या टिप्परवर ताडपत्री बांधा, एवढंच आमचं म्हणणं.