गाडी दुरुस्त करा, हप्ता थांबवा

वाकडहून एका वाचकाचं पत्र आहे. वय ३८, हिंजवडीत नोकरी, हातात महिन्याला १ लाख १५ हजार. गाडी २०१४ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, १ लाख १२ हजार किलोमीटर झालेली. सिग्नलवर गिअरचा आकडा लुकलुकतो आणि गाडी ओढच सोडते. बंद करून थोड्या वेळाने चालू केली की पुन्हा चालते. वर्कशॉपने २ लाख ६५ हजारांचं एस्टिमेट दिलंय: नवीन मेकॅट्रॉनिक (गिअरबॉक्स चालवणारं यंत्र) १,५५,०००, क्लच सेट ६५,०००, चारही शॉकअप ३०,०००, एसी १५,०००. झिरो डेपमधून क्लेम मिळेल का, पर्सनल लोन काढून काम करावं, की १४ लाखांची नवी गाडी घ्यावी, असा प्रश्न आहे. जाता जाता ते लिहितात, ‘बँकेत १ लाख ९० हजार आहेत, पण मार्चमध्ये आयुर्विमा पॉलिसीचा तिसरा हप्ता १ लाख २० हजारांचा आहे, त्याला हात लावता येणार नाही.’

आधी क्लेमचं सांगतो. मिळणार नाही. वाहन विमा अपघात, चोरी, पूर यांसाठी असतो. झिजून किंवा आतून बिघडलेला भाग त्यात येत नाही. झिरो डेप म्हणजे अपघातात बदललेल्या भागांवर घसारा कापणार नाहीत, एवढंच. शिवाय दहा वर्षांच्या वरच्या गाडीला हे कव्हर सहसा देत नाहीत, तेव्हा तुमच्या गाडीच्या पॉलिसीत ते खरोखर लिहिलंय का, हेही पाहून घ्या.

आता एस्टिमेट. तुमच्या गाडीत सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, त्याचं नाव डीक्यू२००. त्याच्या मेकॅट्रॉनिकमध्ये कंट्रोलर, पंप आणि दाब साठवणारा अॅक्युम्युलेटर एकत्र असतात. तुम्ही सांगता त्या लक्षणांमागे बऱ्याचदा एकच कारण असतं: अॅक्युम्युलेटर बसतो तिथलं अॅल्युमिनियमचं घर तडकतं, तेल गळतं, दाब टिकत नाही. स्कॅनरवर पी१७बीएफ कोड आला की संशय इथेच घ्यायचा. म्हणून स्कॅनची छापील प्रत मागा. हाच दोष निघाला, तर तेवढा भाग बदलून देणारे डीएसजीचे जाणकार मेकॅनिक शोधा. काम साधारण ५० ते ६० हजारांत बसायला हवं. कंट्रोलरचं सर्किटच गेलं असेल तर मात्र हा हिशेब बदलतो. भंगारातल्या गाडीचं मेकॅट्रॉनिक स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका. त्याचं आयुष्य किती उरलंय ते कळत नाही आणि ते तुमच्या गाडीशी जुळवण्याचा, म्हणजे कोडिंगचा, घोळ वेगळाच.

क्लच ‘त्यातच करून टाका’ असं तुम्हाला सांगितलंय, ते पटत नाही. मेकॅट्रॉनिक गिअरबॉक्स न उतरवता निघतं. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. मजुरी वाचते हा मुद्दा त्यामुळे उरत नाही. स्कॅनरवर दोन्ही क्लचची अडॅप्टेशन मूल्यं (क्लच किती झिजलाय ते सांगणारे आकडे) दिसतात, ती मर्यादेत असतील आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी थरथरत नसेल, तर क्लचला हात लावू नका. काम झाल्यावर बेसिक सेटिंग (स्कॅनरने गिअरबॉक्स नव्याने जुळवणं) करून घेणं आणि सहा महिन्यांची लेखी वॉरंटी, दोन्ही आग्रहाने मागा.

खड्ड्यांत खडखड येते म्हणून चारही शॉकअप बदलणं ही जुनी सवय आहे. आधी लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश आणि स्ट्रट माउंट तपासा. आवाज बहुधा तिथून येतो आणि खर्च दहा-पंधरा हजारांवर थांबतो. शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसलं तरच ते बदला, आणि बदलाल तेव्हा जोडीने. एसीत नुसता गॅस भरू देऊ नका, आधी गळती शोधायला सांगा. कंडेन्सर गळत असेल तर काम सोपं. कुलिंग कॉइल गळत असेल तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो, ते उन्हाळ्यापर्यंत थांबू शकेल. एकूण ८० हजार धरा.

नवी गाडी? ३ लाख भरून ११ लाखांचं कर्ज, सव्वानऊ टक्के, सात वर्षं: महिन्याला जवळपास १८ हजार, व्याजच ४ लाख. आणि ते ३ लाख तरी आहेत कुठे? ८० हजार म्हणजे या कर्जाचे साडेचार हप्ते. पोलोची नोंदणी २०२९पर्यंत आहे, आणि हाच गिअरबॉक्स फोक्सवॅगनच्याच व्हर्टस-टायगुनच्या १.५ लिटर इंजिनाच्या गाड्यांतही असल्याने त्याचे जाणकार मिळत राहतील.

पण खरी काळजी त्या ‘हात लावता येणार नाही’ म्हणता त्या हप्त्याची आहे. पॉलिसी अशी: दहा वर्षं १ लाख २० हजार भरायचे, विसाव्या वर्षी २४ लाख. ‘पैसे दुप्पट आणि टॅक्सही वाचतो’ असं सांगून ती तुमच्या गळ्यात मारली आहे. वर्षाचा हिशेब केला तर हा परतावा साडेचार टक्के पडतो. तीच रक्कम पीपीएफमध्ये, आजच्या ७.१ टक्क्यांनी, तितकीच वर्षं ठेवली तर ३५ लाख होतात. अकरा लाखांचा फरक आहे हा! आणि तुम्ही नव्या करपद्धतीत असाल, तर ८०सीची वजावटच नाही. मग टॅक्स कुठला वाचला?

याहून गंभीर म्हणजे तिचं विमा कव्हर १२ लाख आहे. घरकर्ज ४१ लाख. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर कर्ज फेडायलाच २९ लाख कमी पडतात. पत्नी, सात वर्षांची मुलगी आणि आई यांच्या घरखर्चाचा हिशेब अजून सुरूही झालेला नाही. दुसरा कुठलाही टर्म विमा (फक्त मृत्यू झाला तरच रक्कम देणारा) पत्रात नाही. गाडीचे २ लाख ६५ हजार तुम्हाला झोपू देत नाहीत, आणि ही २९ लाखांची पोकळी मात्र दोन वर्षं तशीच आहे.

तुम्हाला दोन कोटींचा साधा टर्म प्लॅन हवा, वय ६०पर्यंतचा, पैसे परत देणारा नको. सिगारेट ओढत नसाल तर वर्षाला अंदाजे ३० ते ३५ हजार. सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. अर्जात रक्तदाब, साखर, जुनी शस्त्रक्रिया, काहीही लपवू नका.

जुन्या पॉलिसीत भरलेले २ लाख ४० हजार मनातून काढणं अवघड जातं, पण ते विसरून फक्त पुढच्या आठ हप्त्यांचा हिशेब केला तरी साडेसहा टक्क्यांच्या आसपासच मिळतं. कंपनीकडून आजचं सरेंडर मूल्य (पॉलिसी आता मोडली तर मिळणारी रक्कम) आणि पेड-अप मूल्य (पुढे हप्ते न भरता शेवटी मिळणारी रक्कम) दोन्ही लेखी घ्या. सरेंडरमध्ये हातात फारच थोडं येत असेल तर पेड-अप करून सोडून द्या. एजंट ‘अजून एकच हप्ता भरा’ म्हणेल, त्याला नाही म्हणा.

क्रम मात्र चुकवू नका. टर्म पॉलिसी मंजूर होऊन हातात येईपर्यंत जुनी बंद करायची नाही. अर्ज या आठवड्यात करा, म्हणजे वैद्यकीय तपासणी धरूनही मार्चच्या आत ती हाती येईल. मग त्या १ लाख २० हजारांतून ३५ हजार टर्मला, ८० हजार गाडीला. पर्सनल लोन लागत नाही. उरलेले ७५ हजार बँकेत तसेच राहू द्या आणि पुढे दरमहा दहा हजार त्यात घाला, सहा महिन्यांचा घरखर्च जमेपर्यंत.

आणि रहदारीत पुढच्या गाडीमागे इंच-इंच सरकू नका, त्यानेच कोरडा क्लच तापतो. दोन गाड्यांचं अंतर पडू द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून गाडी पुढे घ्या. चढावर गाडी अॅक्सिलरेटरवर धरून न ठेवता ब्रेकवर धरा.