मनोरुग्णांच्या साखळ्या काढणारे जॉन कॉनोली कोण होते?

इंग्रज डॉक्टर. जन्म १७९४, लिंकनशायरमधला. एडिंबरात शिकले, लंडनच्या नव्या विद्यापीठात थोडी वर्षं प्राध्यापकी केली, पण तिथे जम बसला नाही. खरं काम १८३९ मध्ये सुरू झालं, लंडनजवळच्या हॅनवेल वेड्यांच्या इस्पितळात. तिथे सुमारे ८०० रुग्ण होते, बहुतेक गरीब. आल्यावर काही महिन्यांतच त्यांनी पट्टे, बेड्या, हात जखडणारे कपडे, बांधून ठेवायच्या खुर्च्या, सगळं बंद केलं. कुणी फारच खवळला तर त्याला थोडा वेळ एकट्याला खोलीत ठेवायचं, बांधायचं मात्र नाही. यासाठी सेवक जास्त आणि शांत डोक्याचे लागतात, हे त्यांनी ओळखलं होतं.

कल्पना मूळ त्यांची नव्हे. लिंकन शहरातल्या छोट्या इस्पितळात डॉक्टर गार्डिनर हिल यांनी आधीच हे केलं होतं. एवढ्या मोठ्या जागी ते जमवून दाखवलं कॉनोलींनी.

पुढची गोष्ट जरा खटकते. शहाण्या माणसांना उगाच डांबू नये असं १८३० मध्ये लिहिणारे हेच गृहस्थ १८५८ च्या एका खटल्यात अडकले. ज्याला वेडा ठरवून खासगी इस्पितळात धाडलं, त्याच्या फीमधला वाटा ते घेत होते! १८६६ मध्ये हॅनवेललाच वारले. मानसोपचारतज्ज्ञ हेन्री मॉड्स्ली त्यांचे जावई.