मडफ्लॅपना बॉडी कलर द्यायचा असेल तर

काळ्या मडफ्लॅपना गाडीच्याच रंगाचा स्प्रे मारला तर तो टिकेल का, की महिनाभरात पोपडे सुटतील, असं तुम्ही विचारलंय. टिकेल, पण फ्लॅप कडक असेल तरच. हाताने सहज दुमडणारा, रबरासारखा लोंबता पट्टा असेल तर या भानगडीत पडू नका. तो वाकेल तिथे रंगाला तडे जाणार, वरून कितीही चांगला क्लिअर (रंगावरचा पारदर्शक संरक्षक थर) मारा. चाकाच्या कमानीच्या आकारात साच्यातून काढलेले, जेमतेम वाकणारे फ्लॅप मात्र छान रंगतात.

फ्लॅप गाडीवरच ठेवून रंगवू नका, काढून घ्या. मागच्या बाजूला प्लास्टिकचं नाव उठावाच्या अक्षरांत असतं: पीपी (पॉलिप्रॉपिलीन), पीपी-ईपीडीएम, टीपीओ किंवा एबीएस. नाव सापडलं नाही तर आतल्या कडेचा नखाएवढा तुकडा कापून पाण्यात टाका. पीपीची घनता ०.९ च्या आसपास, त्यामुळे ते तरंगतं, एबीएस बुडतं. पण टाल्कची (दगडाची मऊ भुकटी) भर जास्त असलेलं पीपीही बुडू शकतं, म्हणून बुडालं तरी शंका असेल तर अ‍ॅडहीजन प्रमोटर (प्राइमरच्या आधी मारायचा, पुढचे थर प्लास्टिकला धरून ठेवणारा स्प्रे) माराच. पीपीला मुळात काहीच चिकटत नाही आणि साध्या प्राइमरने त्यात फरक पडत नाही. पोपडे सुटतात ते बहुतेक वेळा इथेच चूक झाल्यामुळे.

धुण्यात कंजुषी करू नका. नव्या फ्लॅपवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर असतो, जुन्यावर टायर पॉलिशमधलं सिलिकॉन. सिलिकॉन राहिलं की रंग गोल गोल भोकं सोडून बाजूला सरकतो आणि मग सगळं उतरवून पुन्हा सुरुवात. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि राखाडी स्कफ पॅड (बारीक खरवडणारी घासणी) घेऊन दोनदा घासा, पूर्ण वाळवा, मग स्वच्छ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. त्यानंतर उघड्या बोटाने हात लावायचा नाही. २४० सारखा भरड पेपर सरळ पीपीवर चालवू नका. प्लास्टिकचे केसासारखे तंतू उभे राहतात आणि रंग बसल्यावर ते काट्यांसारखे टोचतात.

दाणेदार पोत असेल तर आधीच ठरवा. बारीक दाणा तसाच ठेवलेला बरा, दिसायला वाईट दिसत नाही. खोल दाणा बुजवायचा तर फिलर प्राइमरचे तीन-चार हात, मधे ४०० आणि शेवटी ६०० चा वॉटर पेपर. घासताना कुठे काळं प्लास्टिक उघडं पडलं तर त्या जागेवर पुन्हा प्रमोटर, मगच प्राइमर.

प्रमोटरचे एक-दोन पातळ हात पुरतात. त्यावर प्राइमर किती वेळात मारायचा ते डब्यावर लिहिलेलं असतं, ती वेळ टाळू नका. प्राइमर प्लास्टिकसाठीचा, लवचिक घ्या. लाल आणि पिवळे रंग खालचं झाकत नाहीत, त्यांच्याखाली फिकट प्राइमर लागतो. रंगाचा कोड दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर मिळेल, पण कोड एकच असूनही छटा वेगळी निघू शकते आणि जुनी गाडी उन्हाने उतरलेली असते. एका कार्डावर रंग आणि क्लिअर मारून ते उन्हात बॉडीला टेकवून बघा. मेटॅलिक असेल तर फ्लॅप गाडीवर जसा उभा बसतो तसाच टांगून रंगवा. आडवा ठेवून मारला की चकाकी वेगळी बसते आणि जोडल्यावर रंग चुकलाय असं वाटतं.

२० ते २५ सेंटिमीटरवरून रंगाचे तीन पातळ हात, दोन हातांमध्ये दहा मिनिटं. एकदम भरून मारला की खालच्या कडेला ओघळ येतात. चारही फ्लॅपना मिळून प्रत्येक थराचा ४०० मिलीचा एकेक डबा पुरतो. वरून हार्डनर असलेला टूके (दोन घटक मिसळून कडक होणारा) क्लिअर घ्या, साध्या क्लिअरला पेट्रोलचा थेंबही सोसत नाही. गनने मारणार असाल तर त्यात वाळलेला थर लवचिक ठेवणारं फ्लेक्स अ‍ॅडिटिव्ह मिसळा. टूके क्लिअरच्या फवाऱ्यात आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसांना कायमची इजा करू शकतं, तेव्हा कापडी मास्क अजिबात चालणार नाही. योग्य फिल्टरचा रेस्पिरेटर, हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा, यातलं एक जरी नसेल तर हा हात पेंटरकडून मारून घ्या.

माझं स्पष्ट मत, टायरकडे तोंड असलेली बाजू रंगवू नका. खडी आणि वाळू तिथला रंग कितीही जपला तरी उडवते आणि तिथून पोपडे बाहेरच्या बाजूला सरकतात. रंग कडेवरून आत सेंटिमीटरभर वळवा आणि थांबा. बाहेरच्या बाजूच्या खालच्या टोकावर पारदर्शक पीपीएफ (रंग वाचवणारी चिकट फिल्म) चिकटवलीत तर टवके बरेच कमी पडतील.

फ्लॅपबरोबरच त्याच प्लास्टिकच्या एखाद्या तुकड्यावर सगळे थर मारून ठेवा. आठवड्याने त्यावर ब्लेडने चौकटी पाडा, मास्किंग टेप दाबून झटक्यात ओढा. चौकटी टेपबरोबर आल्या तर फ्लॅप बसवू नका, घासून पुन्हा करा. टिकल्या तर बसवा, पण फ्लॅप बॉडीला जिथे टेकतो तिथे बॉडीवर आधी फिल्मची पट्टी लावा, कारण मधे अडकलेली माती बॉडीचा रंग पत्र्यापर्यंत खाते. स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर घाला आणि हाताने जेवढा बसेल तेवढाच पिळा, नाहीतर भोकाभोवतीचा नवा रंग तिथेच तडकेल.